गाडी तापते, मी नाही

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. मी म्हटलं, मला राग येतच नाही. त्यांनी बी.पी.चा पट्टा पुन्हा गुंडाळला, पुन्हा मोजलं. मशीन खराब असावं. तसं त्यांना सांगितलं. सांगता सांगता मशीन टेबलावरून खाली गेलं. आता तर नक्कीच खराब आहे.

विषय गाडीचा. अण्णांची गाडी, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा गेले, गाडी राहिली. घरात सगळे तिला म्हातारी म्हणतात. आज सिग्नलला तापली. बॉनेटमधून वाफ. मागचा माणूस हॉर्नवरचा हात काढेना. शांतपणे उतरून समजावायला गेलो. बोलता बोलता त्याचा वायपर माझ्या हातात आला. हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसतं प्लास्टिक.

संकल्प: लेकीला नोकरी लागली आहे, लांबच्या गावी. शनिवारी २२ तारखेला निघायचं. अण्णांच्या गाडीतून मी स्वतः तिला सोडणार. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, बघू. म्हणजे हो. इथे चार रस्ते सोडून चांगली नोकरी मिळत होती, ती हिने नाकारली. हल्लीच्या मुलांना जग बघायचं असतं.

बायकोचं म्हणणं, माझा भाऊ सोडेल ना, त्याची नवी गाडी आहे. मेहुण्याचं नाव निघालं आणि माझ्या हातातला कप पडला. भिंतीवर पडला. घरातला शेवटचा चिनी मातीचा. आता सगळं स्टीलचं. हिला स्टीलची हौसच आहे म्हणा.

४ मार्च
तपासणी सुरू. मेकॅनिककडे जाणार नाही, सगळे चोर. इंटरनेटवर एक माणूस सापडला, कूलिंगचे दोष कसे शोधायचे ते दाखवतो. प्रत्येक नट काढताना हसतो. असल्या माणसांचा मला संशय येतो. म्हणाला, इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. हा सल्ला भित्र्यांसाठी. मी उघडलं. झाकण वर गेलं, ते खाली आलेलं अजून सापडलेलं नाही. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. म्हातारीला चार लाथा बसल्या. अंगठा वांग्यासारखा सुजलाय.

एक गंमत. मी लाथा घालत असताना ही बाल्कनीत आली आणि लाल टॉवेल वाळत घालून गेली. तेवढ्यात लेक गेटपाशी पोचली, वर बघितलं आणि आल्या पावली परत. विसराळू पोरगी. वर जाऊन त्या टॉवेलला हात पुसले तर कोरडा ठणठणीत. कोरडा टॉवेल वाळत कशाला घालायचा? विचारलं तर ही म्हणाली, असंच.

६ मार्च
नवं झाकण. हिरवं कूलंट काठोकाठ भरलं, एक चक्कर मारून आलो. सकाळी बघतो तर टाकी अर्धी. पार्किंगच्या फरशीवर थेंब नाही, पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. गळत नाही आणि कमी होतं, म्हणजे कोणीतरी चोरतंय. सरळ हिशेब आहे. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, साहेब, ते पाणी चोरून मी करू काय? उलट उत्तर. काठी त्याची होती, मोडली माझ्या हातून. पाठीवर मोडली असं तो म्हणतो. लोकांना तिखटमीठ लावायची सवय असते.

हाताची अजून आग होतेय. लाल टॉवेल बाहेर. कोरडा.

९ मार्च, रविवार
आज थर्मोस्टॅट. म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं दार. पाणी तापलं की उघडतं, गार झालं की मिटतं. ते अडकलं तर गाडी तापणारच. काढलं, दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर उकळलं. उघडलं. गार पाण्यात टाकलं, मिटलं. तीनदा केलं. तीनदा नीट!

म्हणजे सोंग. चारचौघांत शहाण्यासारखं वागायचं आणि आपल्या घरात गेल्यावर रंग दाखवायचे. ही जात मी चांगली ओळखतो. ओट्यावर ठेवून हातोड्याने विचारपूस केली. ओट्याला तडा गेला. पातेलं वाकलं. थर्मोस्टॅट आता चपटा आहे, म्हणजे खराबच होता की नाही? गाडी त्याच्याशिवाय चालवायची.

ही बाजारात गेली होती. लेक घरात होती, तिने पळत जाऊन लाल टॉवेल बाल्कनीत टाकला. आईचं वळण. मी खिडकीतून बघतो तर ही दोन जड पिशव्या घेऊन गेटपाशी आली, वर बघून थबकली आणि पिशव्यांसकट परत फिरली. बराच वेळ कोपऱ्यावरच्या बाकावर बसून होती. काही विसरली असेल म्हणावं, तर आली तेव्हा पिशव्या तेवढ्याच. मायलेकी दोघींच्या डोक्याची तपासणी करायला हवी.

१२ मार्च
तत्त्व बाजूला ठेवून मेकॅनिककडे. दातात काडी, एका कानाला फोन, बोलतोय दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी. धुराड्याला नाक लावलं, म्हणाला गोड वास आहे. ऑइलचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला दुधाळ चिखल. म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय. म्हणजे इंजिनाच्या दोन तुकड्यांमधली पातळ पट्टी फाटली, कूलंट आत शिरून जळतंय, पांढरा धूर त्याचाच. म्हणाला, इथेच सोडा, हलवू नका. मी विचारलं, २२ पर्यंत? तो म्हणाला, २२ विसरा, आणि नवीन इंजिनच टाका ना, माझ्याकडे एक पडून आहे.

२२ विसरा! माझ्या लेकीचं जाणं आणि हा म्हणतो विसरा. त्याची कॉलर माझ्या हातात आली. मग त्याची तीन माणसं माझ्या हातात आली. एक दात हलतोय. गॅरेजमधून मी बराचसा स्वतःच्या पायांनी बाहेर पडलो.

निदान: मेकॅनिक चोर. दुधाळ चिखल म्हणजे हवेतला ओलावा.

१५ मार्च, शनिवार
मेहुणा आला. जीभ कशी लोण्यात बुडवलेली. दाजी, कशाला त्रास घेता, माझी गाडी आहे, तुम्ही मागे आरामात बसा. मागे! अण्णांच्या मुलाने याच्या गाडीत मागे बसायचं! मी शांत होतो. फक्त उठलो. उठताना त्याचं नाक माझ्या कोपराला लागलं. चांगलंच लागलं, हाड वाजलं. ही बर्फ घेऊन धावली ती भावाकडे. माझ्या कोपराला कोणी विचारलं नाही.

लेक खोलीतून बाहेर आलीच नाही. तिच्या दाराला कडी नाही, गेल्या वर्षी निखळली. मी फक्त दार वाजवलं होतं. तेव्हापासून ती आतून टेबल सरकवून लावते. टेबल सरकल्याचा आवाज आला की मला वाईट वाटतं, हे इथे लिहायला हरकत नाही. उद्याच नवी कडी आणतो. मग आठवलं, २२ ला जाणार. कडी राहू दे.

१७ मार्च
विजय!!

चक्कर मारायला निघालो, कोपऱ्यावर तापमानाचा काटा लाल रेघेच्या पार. डोकं सटकलं (लिहिण्यापुरतं). डॅशबोर्डवर एक ठोसा दिला. असा दिला की काचेला चीर गेली. आणि काटा सर्रकन खाली आला आणि बरोब्बर मधोमध थांबला! पूर्ण चक्कर मारली, चढ चढलो, हॉर्न वाजवत उतरलो, काटा जागचा हलला नाही. एवढे दिवस लाडीगोडी करत बसलो हेच चुकलं. सरळ बोटाने तूप निघत नाही ते उगीच नाही म्हणत.

त्या हसऱ्या इंटरनेटवाल्याला कळवायला हवं.

१९ मार्च
आजचं नीट लिहितो.

लेकीला म्हटलं, ट्रायल घेऊ. ती म्हणाली, एका अटीवर, आरडाओरडा नाही, मारामारी नाही. मी शब्द दिला. पुढची सीट रिकामी असून माझ्या मागे बसली. लहानपणापासून तिथेच बसते. का, विचारलं. म्हणाली, तिथून तुमचे कान दिसतात बाबा, लाल व्हायला लागले की कळतं. कान काय बघायचे! बाहेर बघावं माणसाने.

वाटेत म्हणाली, गोड वास येतोय, मागे पांढरा धूर आहे. मी म्हटलं, काटा बघ. ती वाकून बघत राहिली. म्हणाली, बाबा, किल्ली फिरवायच्या आधीपासून तो तिथेच आहे. मी म्हटलं, याला म्हणतात स्थिर स्वभाव. ती हसली! माझ्या बोलण्यावर हसली. एक रिक्षावाला आडवा आला, मी त्याला जाऊ दिलं. जाऊ दिलं!! जीभ चावली, रक्त आलं, पण एक शब्द नाही.

उतरताना तिने खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, ठीक आहे, शनिवारी तुमच्याबरोबर येते. किती वर्षांनी तिने आपणहून हात लावला मला. मला रडू फुटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

बाल्कनीत टॉवेल नव्हता. आज धुणं नसेल.

२२ मार्च, शनिवार, सकाळ
म्हातारी धुतली, पुसली. कूलंट फुल. काटा मधोमध. ही पुढे, लेक मागे, बॅगा डिकीत, एक तिच्याजवळ सीटवर. ही दोनदा गॅलरीत जाऊन फोनवर कुजबुजली, निरोपाचे फोन असतात. संकल्प: पोचेपर्यंत आवाज चढवायचा नाही. देवाशप्पथ.

२२ मार्च, दुपार, हायवेच्या कडेला
डाव्या हाताने लिहितोय.

निम्म्या वाटेत इंजिनाने किंकाळी फोडली आणि जाम झालं. बॉनेटमधून वाफ, मागे धुराचा डोंगर. काटा मधोमध.

दोघी काही बोलल्या नाहीत. दार उघडून हळूच उतरल्या असाव्यात. त्यांनी बोलायला हवं होतं. शिव्या घालायला हव्या होत्या. त्या गप्प बसण्यानेच घात केला.

शब्द दिला होता म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही. जॅकचा दांडा काढला. आधी दिवे, मग बॉनेट, मग पुढची काच. मग बाजूच्या. एकही शब्द न बोलता. अण्णांची गाडी. काटा फोडायला आत वाकलो तेव्हा तळहात काचेवर चिरला गेला. सगळ्या काचा संपल्यावर डोक्यात आलं, लेक मागे बसली होती. ती उतरली की नाही ते मी बघितलंच नव्हतं.

मागची सीट काचांनी भरलेली. वर नुसती बॅग.

दोघी रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. हिने लेकीला पाठीशी घातलं होतं. त्यांच्याजवळ मेहुण्याची नवी गाडी. नाकाला पट्टी बांधून हा आमच्या मागोमाग घरापासून येत होता. हिनेच सांगितलं होतं. सकाळचे फोन ते. विश्वास म्हणून राहिला नाही जगात.

लेक माझ्याकडे आली. मेहुणा नको नको म्हणत होता, तरी आली. बॅगेवरच्या काचा झटकल्या, आतून तो लाल टॉवेल काढला आणि माझ्या हाताला घट्ट गुंडाळला. म्हटलं, हा कशाला घेतलास? म्हणाली, आता घरी तो वाळत घालणार कोण? मी म्हटलं, टॉवेल वाळत घालायला काय माणसं लागतात? ती म्हणाली, टाके घालून घ्या बाबा.

मग गेली. ही पण गेली, उद्या संध्याकाळपर्यंत येते म्हणाली. मी हात केला. टॉवेलवाला हात. दिसला असेल.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळ
हाताला टाके. म्हातारीला भंगारवाला साखळीने ओढत घेऊन गेला. काटा शेवटपर्यंत मधोमध. वाचला तेवढाच.

घर गार आहे. एका दृष्टीने झालं ते बरंच झालं. सगळ्या भांडणाचं मूळ ती गाडी होती, ती गेली. आता मी आणि ही, दोघंच. नवी सुरुवात. बाजारातून दोन चिनी मातीचे कप आणले, निळ्या फुलांचे. लेकीच्या दाराला कडी बसवली, डाव्या हाताने, जरा तिरकी बसली. ओटा पुसला. लाल टॉवेल थंड पाण्यात भिजवून घासून घासून धुतला, रक्ताचा डाग बराचसा गेला. पिळून बाल्कनीत वाळत घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी घरातलं धुणं धुतलं. हिला दिसावं म्हणून अगदी पुढे, मधोमध घातला. चहा ठेवला.

ही गेटपाशी आली. हातात बॅग. मी खिडकीतून बघत होतो, कप भरलेले. हिने वर बघितलं. थबकली. माझ्याशिवाय घरात कोणी नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि परत फिरली.

मी बाल्कनीत धावलो. टॉवेल ओढला, तो चिमट्यात अडकला, एका हाताने निघेना. मग वरूनच ओरडलो की अगं थांब, तो ओला आहे, या वेळी खरंच ओला आहे गं!

आवाज जरा मोठा गेला असावा. ही पळायला लागली.