हडपसरमार्गे चीन

१ जून, रविवार
निर्णय पक्का. चीन. शिआन शहरात लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं. कर्वेनगरच्या एकाच शाळेत अकरा वर्षं सातवी ‘ब’ला इंग्रजी शिकवून माझ्यातला प्रवासी गंजत चालला होता. पाच दिवस शिकवणं, दोन दिवस भटकंती. वर्षात अर्धा चीन पालथा घालणार. स्वारगेटचा एजंट जयसिंग म्हणतो, वर्क परमिट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी, आठवड्यात हातात. रोज पाच चिनी शब्द पाठ करायचे. आज एक झाला.

४ जून
मुख्याध्यापिका मंदाकिनी मॅडमना भेटलो. राजीनामाच देत होतो. त्या म्हणाल्या, साठ्ये सर, बिनपगारी रजा घ्या, पंधरा जुलैपर्यंत जागा ठेवते. तिकडे जम बसला तर मात्र लगेच कळवा, मुलांना शिक्षकाविना ठेवणार नाही. मी म्हणालो, मॅडम, जागेची गरज पडणार नाही. तरी त्यांनी रजेचा अर्ज लिहून घेतला. अकरा वर्षांत या बाईंना माझी झेप कळली नाही.

८ जून, रविवार
सोसायटीतर्फे सत्कार. शाल, श्रीफळ. सेक्रेटरी बापूरावांनी बोर्डावर नोटीस लावली होती : वेळेवर यावे, उशिरा येणाऱ्यांना बटाटेवडा मिळणार नाही. भाषणाच्या भरात मी चौदा तारखेला निघतो असं सांगून टाकलं. परमिट अजून आलेलं नाही, पण अंगावर शाल असताना ‘बहुधा’ म्हणता येत नाही. बायको, म्हणजे तनया, घरी आल्यावर म्हणाली, आधी कागद, मग नारळ. आपल्याकडे आधी नारळ असतो, त्याला मी काय करणार?

१४ जून, सकाळी ६
परमिट नाही. गेटवर चौदा माणसं, शिवाय बापूराव. आईने हातावर दही घातलं. कोपरा वळेपर्यंत हात हलवत होतो. मग रिक्षावाल्याला सांगितलं, एअरपोर्ट नको, हडपसर. मेहुणा सलिल तिथे आयटीत आहे, त्याच्याकडे बॅगा टाकल्या. जयसिंग म्हणतो, मंगळवारी नक्की. तीन दिवसांचा प्रश्न. तनयाने बजावलंय, आपणहून बोलणार नाही, पण कुणी सरळ विचारलं तर खोटं सांगणार नाही. पुण्यात सरळ कोण विचारतं? निर्धास्त आहे.

१८ जून
मंगळवार गेला. सोसायटीच्या ग्रुपवर बापूराव : पोहोचलात, की अजून वाटेत? शिआनहून सर्वांना नमस्कार, असं लिहिलं. शाळेच्या ग्रुपवरही टाकलं. शिस्त हवी म्हणून घड्याळ अडीच तास पुढे, चीनच्या वेळेला लावलं. सलिलने विचारलं, उपमा साडेसातला खाणार की दहाला? याला प्रवासाची जाण नाही.

२२ जून
शिआनच्या प्राचीन मातीच्या सैनिकांवर ग्रुपवर लेख टाकला. एकेचाळीस अंगठे. सोबत खिडकीतून काढलेला संध्याकाळचा फोटो. चार मिनिटांनी दिसलं, खालून बस चालली आहे आणि तिच्या पाटीवर ठळक ‘भेकराईनगर’. लगेच डिलीट केला. तोवर बापूरावांनी लिहिलं होतं, परदेशात मराठी पाट्या पाहून ऊर भरून आला. भोळा माणूस. वाचलो.

२७ जून
जयसिंगला समक्ष गाठायला बसने स्वारगेटला. टोपी, मास्क, खिडकीकडे तोंड. मगरपट्ट्याला बापूराव चढले आणि थेट माझ्या शेजारी बसले. पाऊण तास श्वास जपून घेतला. उतरताना त्यांनी वेळ विचारली. बोललो असतो तर आवाज ओळखला असता, म्हणून नुसतं मनगट पुढे केलं. म्हणाले, आभारी आहे, आपलं घड्याळ अडीच तास पुढे आहे. ओळखलं नाही हे उघड आहे. मला ते कधी ‘आपण’ म्हणत नाहीत.
जयसिंगचं ऑफिस बंद होतं.

३० जून
ग्रुपवर उत्साह ओसरतोय. फक्त सहा अंगठे. म्हणून आज जोरदार लिहिलं : इथली मुलं मला सोडायला तयार नाहीत, शाळा तीन वर्षं राहाच म्हणते आहे, आणि मीही मनाने इथलाच झालो आहे. पन्नासच्या वर अंगठे! मंदाकिनी मॅडमनीही लिहिलं, वेळेवर कळवलंत, आनंद वाटला, शुभेच्छा. अखेर बाईंना माझी किंमत कळली.

६ जुलै
भीती वाटते. लिहून ठेवतो, म्हणजे जाईल. गेली नाही. नऊ दिवस उरले. परमिट आलं नाही तर पंधराला गुपचूप शाळेत हजर व्हायचं. सांगायचं, तिकडची हवा मानवली नाही. हवेवर कुणी वाद घालत नाही. मॅडमना आधी फोन करावा का? पण परदेशातल्या फोनची रिंग वेगळी वाजते म्हणतात. नको.
चिनी शब्द : एकूण चार.

११ जुलै
जयसिंग सापडला. परमिट नामंजूर. त्यांना मातृभाषा इंग्रजी असलेला शिक्षक हवा. मी म्हणालो, मी विचारसुद्धा इंग्रजीत करतो. हे मराठीत म्हणालो. त्याने पाणी दिलं.
पण शाळेत रजेचा अर्ज दिलेला आहे, जागा आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

१५ जुलै, मंगळवार, दुपारी ४
इस्त्रीचा शर्ट घालून साडेदहाला शाळेत गेलो. मॅडम खुर्चीतून उठल्या, इतका आनंद झाला त्यांना. चहा मागवला. माझे लेख शिक्षकखोलीत मोठ्याने वाचले जातात म्हणाल्या. हवेचं काढणार तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, तीन वर्षांचं कळवलंत म्हणून एक जुलैलाच नवीन बाई घेतल्या, नम्रता, तुमचीच विद्यार्थिनी. चला, मुलांना भेटा. सातवी ‘ब’च्या दारातून पाहिलं. माझ्या वर्गात इतकी मुलं कधी हसत नव्हती. मॅडमनी विचारलं, परत कधी निघणार? उद्या, म्हणालो.

बाहेर येऊन फुटपाथवरूनच तनयाला फोन केला आणि सगळं सांगितलं. मला लाज वाटते आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, घरी ये.

हडपसरहून बॅगा घेऊन आलो. गेटवर बापूराव. म्हणाले, या, किती दिवसांचा मुक्काम? मी म्हणालो, आता इथेच. चीनला गेलोच नव्हतो, आणि आज शाळेतली जागाही गेली.
त्यांनी माझी जड बॅग उचलली आणि लिफ्टपर्यंत आणून दिली. एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.