हिरव्या झाकणाचा सांबाल

५ जानेवारी १९९८, सोमवार

आज परत कामावर गेले. सगळे हळू आवाजात बोलत होते. "वृंदाजी, चाय?" घेतला. गरम होता. एवढंच कळलं.

नाक गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणतात, स्कूटरवरून पडताना डोक्याला मार बसला, त्यात वास आणि चव कळणं गेलं. आलं तर सहाएक महिन्यांत येईल, नाहीतर नाही. उल्हास त्याच स्कूटरवर पुढे होता. त्याच्याबद्दल 'आला तर' असं कुणी म्हणालं नाही. तीन महिने झाले आज. मी अजून रडलेली नाही. भेटायला येणारे लोक वाट बघत बसतात, मग चहा पिऊन जातात. नाही येत रडू, त्याला काय करू!

८ जानेवारी

नाकाचं ऑफिसात सांगितलेलं नाही. कसं सांगू? नाकाचीच तर नोकरी आहे.

आमची कंपनी, किता किचन, मूळची पेनांगची. मलेशियात त्यांची चाळीस दुकानं — सकाळी ऑफिसला निघालेला माणूस नारळाच्या दुधातला भात आणि वर सांबाल, म्हणजे लाल मिरचीची चटणी, कागदात बांधून घेतो आणि चालता चालता खातो. शहाण्णव साली तीन आठवडे मला तिकडे शिकायला पाठवलं होतं. तिकडच्या सांबालमध्ये सुक्या कोळंबीची वडी असते. ती नसेल तर 'हे काय, केचप आहे!' असं माझ्या तिथल्या गुरू, पुआन रोहाना, म्हणायच्या. रोज सकाळी ती वडी भाजून माझ्या नाकाखाली धरायच्या.

दिल्लीतल्या दुकानांत निम्मं गिऱ्हाईक शाकाहारी. म्हणून इकडच्यासाठी कोळंबीशिवायचा सांबाल वेगळा करून पाठवतात — हिरव्या झाकणाचे ड्रम. पण घाईत तिकडचे कामगार दोन्ही एकाच कढईत करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून इथे फरीदाबादच्या किचनमध्ये प्रत्येक ड्रम उघडायचा, वास घ्यायचा, चव घ्यायची, कागदावर 'शाकाहारी' लिहून सही करायची. हे माझं काम. घरात आता हा एकच पगार.

आज सहा ड्रम आले. सहाही पाण्यासारखे लागले. "उद्या करते सही," म्हटलं.

९ जानेवारी

आईंना सांगितलं. म्हणजे सासूबाईंना, उल्हासच्या आईंना. दुसरं आहे कोण सांगायला?

त्या वेंगुर्ल्याच्या. मामंजी गेले तेव्हा काशीला जाऊन मासे सोडून आल्या. तिथे आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडायची असते. पुष्कळ लोक हुशारीने कारलं सोडून येतात. आईंनी खरोखर मासे सोडले. त्यालाही नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात अंडंसुद्धा नाही.

"आण की घरी," म्हणाल्या. "सुकटीचा वास मला सात घरं पलीकडून येतो. तोंडात घालायची वेळच यायची नाही."

सहा छोट्या डब्या आणल्या. आईंनी हुंगल्या, बोटाच्या टोकाने चाखल्या. "शुद्ध आहेत. कर सही."

केली.

१८ जानेवारी, रविवार

महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला गेली. दरवर्षी आम्ही जायचो. उल्हास तिथे पोरांना लढाई सांगायचा, निम्मी पदरची. तनया म्हणाली, "मम्मी, इस बार नहीं जाना?" नाही म्हटलं. ती टीव्ही बघत बसली. मीही बसले. काय लागलं होतं आठवत नाही.

२१ जानेवारी

आईंनी आज पकडला! चौथी डबी. वासाने नीट कळेना — मिरची, चिंच, वर व्हिनेगर — म्हणून जिभेवर ठेवली. आणि थांबल्या. डोळे मिटले. मग, "फेकून दे हा. कोळंबी आहे."

लगेच उठून अंघोळ केली. देवापुढे बसल्या. रात्री जेवल्या नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं.

२३ जानेवारी

तो ड्रम परत केला. पेनांगहून माफीचा फॅक्स. आमचा मॅनेजर परीक्षित गुडगावहून मुद्दाम आला. पुण्याचा आहे, पण इथे राहून अर्धा इकडचा झालाय. "यार वृंदा, तुझं नाक म्हणजे सोनं आहे. बिल्कुल इन्शुअर करायला पाहिजे!" सगळे हसले. मीही तोंड हसल्यासारखं केलं.

३ फेब्रुवारी

आठ ड्रम. आई म्हणाल्या, सगळे चांगले. सही.

१० फेब्रुवारी

आई म्हणतात, नुसत्या बोटाने नीट कळत नाही. भाताबरोबर खाल्लं तर कळेल. "जरा मोठा डबा आण ना गो."

मोठा डबा आणला.

१९ फेब्रुवारी

तनया सांगत होती, "आजी ना, दोपहर को डबा पोंछ पोंछ कर खाती है." मी म्हटलं, पुसून. "हां, वही." काल तिने विचारलं, ओहोटी म्हणजे काय. आजी तिला वेंगुर्ल्याचं बंदर सांगते म्हणे — ओहोटीला कसे उतरायचे, काय काय वेचायचे. मला कधी नाही सांगितलं. बरं आहे, पोरीचा वेळ जातो.

आईंची तब्येत सुधारलीय. उल्हास गेल्यापासून त्या दोन घास खाऊन उठायच्या. आता दोनदा भात घेतात. मलाही म्हणतात, जेव. मी जेवते. मऊ, टणक, गरम, गार. चारच चवी उरल्यात जगात.

२६ फेब्रुवारी

पाच ड्रम. सही.

६ मार्च

आई आज चिडल्या. "हा कसला मेला सांबाल! मिळमिळीत. परत कर." दोन ड्रम. कोळंबी आहे का, विचारलं. "कोळंबी नाही नि काही नाही. चवच नाही त्याला."

फॉर्मवर 'चव कमी' असं लिहून परत पाठवले. आईंचा शब्द म्हणजे शब्द.

१३ मार्च

पेनांगचा फॅक्स. फेब्रुवारीच्या मालाबद्दल तक्रार नव्हती, तसाच करून पाठवतो म्हणतात. परीक्षित खूश. चैत्रातलं नवरात्र आलंय, नऊ दिवस दुकानांत फक्त शाकाहारी पदार्थ ठेवायचे ठरलंय. तीस ड्रम हवेत. "सगळं तुझ्या सहीवर आहे हां वृंदा. एकाला जरी कोळंबी निघाली तर दिल्लीत आपलं दुकान राहणार नाही. आणि तू नि मी तर नाहीच."

"अच्छा," म्हटलं. भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. हात धुतले, घरी आले.

२० मार्च

अकाउंट्समध्ये गर्गबाई आहेत. जन्मात अंडं घातलेला केक खाल्लेला नाही. स्वतःचा डबा, स्वतःचा ग्लास. पण सांबालचा रोल रोज खातात. आज मला म्हणाल्या, "वृंदाजी, मैं तो आपका साइन देखकर ही खाती हूँ." उल्हास गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी भाजी-पोळी याच बाईंनी पाठवली होती. थँक्यू म्हटलं.

सांगून टाकावं का, की सही माझी आणि जीभ दुसऱ्याची? पण आईंची जीभ माझ्यापेक्षा चांगलीच आहे. मग फसवणूक कसली!

२४ मार्च

तीस ड्रम, तीन दिवसांत. आईंनी एकेक चाखला. थकल्या नाहीत. "सगळे उत्तम." तीस सह्या.

२ एप्रिल

दुकानांबाहेर रांगा. नवरात्र पाळणारे, न पाळणारे. परीक्षित पेढे घेऊन आला. पेढा मऊ होता.

४ एप्रिल

उल्हासचे शर्ट बोहारणीला द्यावेत म्हणून काढले. परत ठेवले. काही वाटलं म्हणून नाही — पिशवी मिळाली नाही.

५ एप्रिल, रविवार

दुपारी आईंनी डबा उघडला आणि मला वास आला!

आधी कळलंच नाही काय होतंय. नाकात काहीतरी खुपलं, डोळ्यांना पाणी आलं. मग ओळखला. भाजलेली सुकट. पुआन रोहाना नाकाखाली धरायच्या तोच. सहा महिन्यांतला पहिला वास, तोही हा. त्या तीस ड्रममधला डबा. माझी सही.

आईंचा घास हातात राहिला. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना सगळं कळलं. म्हणाल्या, "येतोय वास?"

"हो. आत्ता आला."

"मला फेब्रुवारीपासून येतोय."

मग खाली बघून म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू आणायची बंद झाली असतीस."

मी रडले. तनया घाबरून बाहेर आली, इतकी मोठ्याने रडले. गर्गबाईंसाठी, आईंसाठी, उल्हाससाठी. कोणासाठी किती, ते माहीत नाही.

उद्या सकाळी आधी गर्गबाईंना सांगणार, मग परीक्षितला. आईंचं नाव येणार नाही. आज रविवार, ऑफिस आणि फरीदाबादचं किचन दोन्ही बंद आहेत.

आई ताट सारून उठायला लागल्या. मी हात धरून बसवलं आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला.