कावळ्याला दिलेला शब्द

सोलापूर,
२२ एप्रिल

प्रिय आक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. इथं उन्हानं नुसती लाही लाही झालीय. माढ्यात निदान मळ्यातलं वारं तरी असेल. तुझं लोणचं पोचलं. मीठ नेहमीसारखं हात सैल सोडून घातलंयस.

फोन करत नाही म्हणून रागावलीस. हल्ली घरात मोठ्यानं बोलावंसं वाटत नाही, म्हणून पत्र. शेजारच्या बजाबाईंनी तुला सांगितलं ना, की मी एवढ्या उन्हाळ्यात रोज गरम चॉकलेट करते? खरं आहे ते. माझी लेक संस्कृती करायची तसंच मी करते. कोको आधी थोड्या गार दुधात कालवायचा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग उकळत्या दुधात दालचिनी, वेलदोडा, सुंठ आणि शेवटी चिमटीभर लाल तिखट. पहिल्यांदा तिनं तिखट घातलं तेव्हा मी म्हटलं होतं, "दुधात चटणी? बाई, तू खरी सोलापूरची." किती हसली होती.

कुणासाठी करतेस, असं विचारलंस. तुला माहीत आहे, आक्का, तरी विचारलंस.

पोरगी तापात गेली, तिच्या दहाव्याला नदीवर कावळा शिवत नव्हता. ऊन डोक्यावर आलं. तू तिला उद्देशून म्हणालीस, तुझ्या आईला आम्ही सांभाळू. दाजी म्हणाले, तुझी पुस्तकं कुणाला देणार नाही. कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी दाजी मला म्हणाले, "पूनम, तू आई हायस. तिला काय पायजे ते तूच बोल की." माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळा, तुझं चॉकलेट मी रोज करून ठेवीन." बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर उतरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. रोज म्हणजे कुठवर, हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

ती कॉलेजातून यायची त्या वेळेला मी कप तिच्या जागेवर ठेवते. दिवेलागणीला तो रिकामा असतो. मांजर पीत असेल, म्हणशील. तिखट घातलेलं दूध कुठलं मांजर पितं? खिडक्या लावून बघितल्या, दाराला कडी घालून बाहेर ओट्यावर बसून बघितलं. कप रिकामाच. मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटायचं, आक्का. पोरगी उपाशी राहत नाही, एवढंच मनात यायचं.

तुम्ही रविवारी मला कायमचं माढ्याला न्यायला येणार, म्हणून मीही मन घट्ट केलं. दाजी फोनवर म्हणाले होते, "दिलेला शब्द मागं घ्यावा लागतोय. कप पालथा घाल, आन् जा आता म्हण तिला." काल मी चॉकलेट केलं नाही. कप पालथा घातला. "जा आता, बाळा," म्हणाले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

आज दुपारी ओट्यावर तूर निवडत होते. आतून दालचिनीचा वास आला. घरात कुणी नव्हतं. उठून आत गेले तर पातेलं गरम होतं. तिचा कप तसाच पालथा. आणि मी जेवायला बसते त्या पाटापुढं माझा पेला ठेवलेला, काठोकाठ भरलेला. वाफ निघत होती.

आपल्यात असं कुणाच्या नावानं वाढून ठेवतात, ते तुला सांगायला नको.

मी पाटावर बसले आणि सगळं प्यायले. पोरीनं मन लावून केलेलं, टाकवलं नाही. तेव्हापासून ऊन लागत नाही मला. मघाशी बजाबाई ओट्यासमोरून गेल्या. बोलल्याशिवाय पुढं जाणारी बाई नव्हे ती. मी दोनदा हाक मारली, तर त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

रविवारी न्यायला म्हणून येऊ नका, भेटायला म्हणून या. जमलं तर रविवारच्या आधीच या.

तुझी धाकटी,
पूनम