बॉल माझ्याकडे द्या

३ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

हरलो. म्हणजे टीम हरली. मी चांगला खेळलो.

बेकरीवाल्यांनी तीन गोल केले, त्यातले दोन माझ्या पायातून बॉल काढून. याला खेळ म्हणायचा? खिसेकापू परवडले, ते निदान लाजेकाजेस्तव पळून तरी जातात. हे तिथेच नाचतात.

माझी जागा मैदानाच्या खालच्या भागात, आमच्या बचावाच्या पुढे. गोलकीपरने बॉल मला द्यायचा. मी मान वर करायची, सगळं मैदान डोळ्याखालून घालायचं, आणि मग योग्य माणसाला योग्य पास. आमच्या लाँड्रीच्या टीमचा खेळ वर्षानुवर्षं असाच माझ्यापासून सुरू होतो. मी धावत नाही. धावायचं काम बॉलचं आहे. पण यंदा ऑफिस लीगमध्ये नवीनच थेर सुरू झालेत. बॉल माझ्याकडे आला रे आला, की समोरचे तिघं-चौघं एकदम अंगावर येतात. याला प्रेसिंग म्हणतात म्हणे. घामट अंगं, उघडी तोंडं, धापा. शी.

संकल्प: पुढच्या मॅचपर्यंत यावर उपाय शोधणे. डोक्याने. व्यायाम वगैरे न वाढवता.

५ सप्टेंबर, मंगळवार.

प्रॅक्टिस. आमचा कोच लाँड्रीत बॉयलर सांभाळतो, म्हणून सगळे त्याला बॉयलरच म्हणतात. म्हणाला, दादा, पास दिल्यावर जरा चार पावलं धावा, म्हणजे परत बॉल घेता येईल. मी त्याला समजावलं की ज्याला खेळ वाचता येतो त्याला धावावं लागत नाही. तो बरं म्हणाला आणि मैदानाला चकरा मारायची शिटी वाजवली. मी बुटाची नाडी बांधत होतो. चकरा संपेपर्यंत बांधत होतो. नाडी नीट बांधलेली बरी.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत कोणाचा तरी ओला टॉवेल माझ्या बॅगेवर. गावभरच्या हॉस्पिटलांच्या चादरी आम्ही धुतो, आणि आमच्यात एकाकडे धड स्वच्छ टॉवेल नाही. वीट आला आहे या लोकांचा.

६ सप्टेंबर, बुधवार.

उपाय सापडला. बॉल पायात यायच्या आधीच खांद्यावरून मागे बघून घ्यायचं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग कोण कुठून येतंय ते आधीच कळतं. मोठे खेळाडू हेच करतात.

दिवसभर सराव केला. घड्या घालायच्या विभागात मी सुपरवायझर आहे, दिवसभर टेबलांमधून फिरावंच लागतं. फिरताना दर दोन पावलांना डावा खांदा, उजवा खांदा. दुपारी मॅनेजरने बोलावून घेतलं. घडीवाल्या बायकांनी तक्रार केली होती की साहेब पाळत ठेवतात. मी म्हणालो, मानेचा व्यायाम. घरी हिने विचारलं, कोणाला एवढे घाबरता?

रात्री मान आखडली.

१० सप्टेंबर, रविवार.

मानेला पट्टा. फक्त डावीकडे वळत होती. विमा कंपनीवाले सगळे उजवीकडून आले. माणुसकी नावाची गोष्ट उरलेली नाही. दोन-शून्य.

पण एक गोष्ट आज ध्यानात आली, आणि ती मनाला बरी वाटली. आमच्या प्रत्येक माणसाला त्यांचा एकेक जण चिकटलेला होता. माझ्याजवळ कोणी नाही. बॉल येईपर्यंत मी ऐसपैस, एकटा, मोकळा. मागच्या मॅचलाही असंच होतं. याला आदर म्हणतात. बेशिस्त असतील, पण माणूस ओळखतात.

गोलकीपरला पुन्हा बजावलं की काही झालं तरी बॉल माझ्याकडेच द्यायचा. आम्ही त्याला पोतं म्हणतो. गरीब माणूस. मीच तेवढा मोकळा दिसतो, त्यामुळे त्यालाही सोपं जातं.

१२ सप्टेंबर, मंगळवार.

नवा उपाय. आणखी खाली जाऊन बॉल घ्यायचा. त्यांना यायला लांब पडेल, तोवर मी मान वर करून घेईन. प्रॅक्टिसमध्ये खाली गेलो. तरी आले. आणखी खाली गेलो. तरी आले. आणखी जरा सरकलो तर पोत्याचं कोपर बरगडीत. पोतं म्हणालं, आता मागे फक्त जाळी राहिली आहे, तिच्यात जाऊन बसायचं तर बसा. बाकीचे हसले. उद्धटपणा.

बरगडीला मलम लावलं. त्या वासाने अन्न गेलं नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार.

घरच्या पॅसेजमध्ये सराव. मुलीला आणि हिला अंगावर यायला सांगितलं. मुलीने बॉल घेतला, तोही मोबाइलमधून मान वर न काढता. हिने फरशी पुसायच्या दांड्याने घेतला. तो फाउल आहे, धरला नाही.

मुलगी म्हणाली, बाबा, अंगावर आले की तुम्ही सरळ लांब का नाही मारत? तिला म्हणालो, लांब कोणीही मारतं. ही मात्र मध्येच म्हणाली की टीमने सांगायच्या आत आपणच खेळणं सोडलेलं बरं दिसतं. जेवताना हिच्याशी बोललो नाही. हिच्या ते लक्षात आलं नाही, त्यामुळे शेवटी मीच सांगितलं.

१७ सप्टेंबर, रविवार.

अग्निशमन दल. चार गोल खाल्ले. त्या लोकांना घंटा वाजली की धावत सुटायची सवयच असते, त्यात कौतुक कसलं?

आता आम्ही तळाला. शेवटची मॅच कुरियरवाल्यांशी. निदान बरोबरी तरी करायची, नाहीतर खालच्या गटात. मॅनेजरने आज मैदानावरच सांगून टाकलं की खालच्या गटात गेलात तर टीम बंद, रविवारी घरी झोपा काढा. सगळे माझ्याकडे बघत होते. साहजिक आहे. संकटात लोक अनुभवी माणसाकडेच बघतात.

टीम बंद झाली तर मी काय करणार? सोमवार ते शनिवार मी चादरींच्या घड्या तपासणारा माणूस आहे. रविवारी तेवढा खेळाडू असतो. हे जायला नको. मनापासून नको.

२० सप्टेंबर, बुधवार.

मेव्हणा जेवायला आला होता. तो त्या कुरियर कंपनीतच आहे आणि त्यांच्याकडून खेळतो. दिवसभर लोकांचे जिने चढतो, त्यामुळे अंगात रग. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की बॉल येईपर्यंत मला कोणीच कसं चिकटत नाही? त्याने बहिणीकडे पाहिलं. ही म्हणाली, सांगून टाक एकदाचं. त्याने चमचा खाली ठेवला.

“भावोजी, तुम्हाला मुद्दाम मोकळं सोडतात. बाकीच्यांना धरून ठेवलं की कीपर बॉल तुम्हालाच देतो. आणि तुम्हाला मिळाला की सगळ्यांनी धावायचं. लीगमध्ये सगळ्यांना माहीत आहे.”

उठून गॅलरीत गेलो. बराच वेळ खालच्या गाड्या बघत होतो.

मग विचार केला. म्हणजे प्रत्येक टीम माझ्यावर बैठका घेते. सगळे डाव माझ्याभोवती आखले जातात. असे किती खेळाडू असतील या लीगमध्ये? आणि आता तर त्यांचा डाव मला कळला आहे. येऊ देत. बॉलवर पाय ठेवून स्वस्थ उभा राहणार. ते सगळे जवळ आले की त्यांच्या मागचं मैदान रिकामं. मग शेवटच्या क्षणी एक पास, आणि कुरियरवाले कायमचे गप्प.

हे बॉयलरला सांगायची गरज नाही. मैदानावरच बघेल.

२४ सप्टेंबर, रविवार. दुपार.

पोत्याने बॉल दिला. मी त्यावर पाय ठेवला. ते आले. अगदी मला हवे होते तसे आले. मागचं मैदान रिकामं झालं. दोन उत्तम पास दिसत होते, आणि त्यातला कुठला जास्त चांगला हे मी ठरवत होतो. मी ठरवत असतानाच त्यांचा गोल झाला.

बॉयलरने मला बाहेर बोलावलं. बाहेर येताना त्यांचा कोच कडेकडेने धावत आला, खूप लागलंय का विचारलं, म्हणाला जरा बर्फ लावून परत या की, एवढं काय त्यात. चांगला माणूस वाटला. घरी येताना रस्त्यात कळलं तो का विचारत होता ते.

माझ्या जागी मशिन चालवणारा घेतला. त्याला बॉल दिला की तो समोरच्या दिशेने लाथ मारतो. बस. मान वर नाही, विचार नाही. कुरियरवाले मात्र गोंधळले. कोणावर धावायचं हेच त्यांना कळेना, मेव्हणा तर नुसता इकडेतिकडे बघत उभा. अशाच एका लाथेवर बॉल आमच्या कोणाच्या तरी पाठीला लागून आत गेला. असला घाणेरडा गोल मी जन्मात पाहिला नाही. बरोबरी. टीम वाचली. सगळे एकमेकांच्या घामट गळ्यात पडले, पोतं तर हुंदके देऊन रडलं.

मीही टाळ्या वाजवल्या. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

२५ सप्टेंबर, सोमवार.

बॉयलर माझ्या विभागात आला. चादरींच्या ढिगाशी चुळबुळत उभा राहिला. म्हणाला, आता आपणही प्रेसिंग शिकायचं ठरवलंय, आणि त्यासाठी मधोमध तुम्हीच हवेत, दुसऱ्या कोणाला जमणार नाही. मी म्हणालो, मला माहीत होतं तू येणार. घरी हिला सांगितलं की नवीन पद्धत माझ्याभोवती उभी करताहेत. ही छान म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

३ ऑक्टोबर, मंगळवार.

पद्धत अशी. मी मधोमध उभा राहतो. पोतं मला बॉल देतं. सगळी टीम माझ्यावर धावते आणि बॉल घेते. मग पोतं पुन्हा देतं.

संध्याकाळभर हेच. घेतला. दिला. घेतला. थोड्या वेळाने बॉयलरने शिटी वाजवून सगळ्यांना थांबवलं. जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला.

“दादा, बॉल जरा जास्त वेळ ठेवत जा ना. पोरांची प्रॅक्टिसच होत नाही.”

ठेवतो म्हणालो.

घरी आलो. कोणाशी बोलवेना, म्हणून हिला सांगितलं की पाय दुखतोय. हिने काही न विचारता तेल गरम करून आणलं आणि पाय चोळून दिला. पाय दुखत नव्हता.