दोष लाकडात शोधला

प्रिय चिमे,

फोन सोडून पत्र कसलं लिहितो हा, म्हणशील. तुझा फोन हल्ली दाजीच उचलतात, म्हणून तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय.

दाजींनी नेमबाजी मनावर घेतली आणि पहिली रायफल घ्यायला माझ्याच दुकानात आले, तेव्हा मी हुरळून गेलो गं! आठ वर्षांत माझ्याशी धड चार वाक्यं न बोललेला माणूस तासभर बाकावर बसला. नवशिक्यांना जड, चकचकीत रायफल हवी असते. मी हलकी काढून दिली, म्हटलं आधी हात बसू दे. त्यांनी मुकाट घेतली. निशाण किती लांब लावायचं, हे नवा माणूस हमखास विचारतो. यांनी विचारलं, आवाज भिंतीपलीकडे किती जातो. मला वाटलं, शेजाऱ्यांची केवढी काळजी! बघ माझी अक्कल.

मग दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, त्यांच्या मापाचा करायला घेतला. माझी पद्धत तुला पाठ आहे. रिकामी रायफल हातात द्यायची, डोळे मिटून खांद्याला लावायला सांगायची, मग डोळे उघडून नळी कुठे गेली ते बघायचं. समोरच्या ठिपक्याऐवजी बाजूला गेली, तर दोष दस्त्यात. त्यांची नळी डावीकडे गेली, भिंतीवरच्या तुझ्या फोटोवर. मी हसलो, लाकूड तासलं. पुन्हा तिथेच. गाल टेकायची जागा उचलून दिली. पुन्हा तिथेच. चार दिवस मी वेड्यासारखा कानस घासत होतो. पाचव्या दिवशी बाजूला उभा राहिलो, तेव्हा दिसलं. त्यांनी डोळे मिटलेलेच नव्हते.

आणि आता ती रायफल त्यांना अंगावर बेतलेल्या सदऱ्यासारखी बसते. माझ्या हातांनी केलंय हे. मागे तुझ्या मनगटावरचा काळानिळा डाग पाहिला होता. कपाटाचं दार लागलं म्हणालीस, मी मान डोलावली. मला पटलं नव्हतं, चिमे. घरात तमाशा नको म्हणून गप्प बसलो. लाज वाटते मला.

रायफल शनिवारी द्यायची आहे, त्याआधी काही निमित्त काढून माहेरी ये, एवढंच लिहिणार होतो. इथवर लिहून जेवायला उठलो, तर तुझी वहिनी सहज बोलून गेली. सकाळी मी लाकूड आणायला गेलो असताना तुझा नवरा येऊन गेला. तिने कौतुकाने रायफल बांधून दिली, गोळ्यांचा डबाही दिला. तिला काय बोल लावू, मी तिच्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. शाळेचा फोन लागत नाही. तीच स्कूटरवरून हे पत्र आणतेय, मी पोलीस चौकीत निघालोय. घरी जाऊ नकोस. कपडे, दागिने, कागदपत्रं, सगळं राहू दे. वर्ग अर्धा सोड आणि तिच्या मागे बस.

तुझाच, उशिरा जागा झालेला
दादा