बॅग संबंधित विभागाने आणावी

सोमवार, ३ मार्च
दहशतवादविरोधी मॉक ड्रिलचा समन्वय अधिकारी म्हणून माझीच नेमणूक. गुरुवारी, कुपवाड एमआयडीसीत. सगळी खाती एका दावणीला बांधायची. सांगलीत हे दुसऱ्या कुणाला झेपलं नसतं.

मंगळवार, ४ मार्च
बैठक. पोलिसांचे वीरधवल म्हणाले, वायरलेसवर फक्त आम्ही बोलणार. अग्निशमनचे आकाराम म्हणाले, पोलिसांचं पत्र आल्याशिवाय गाडी हलणार नाही. आरोग्यवाले आणि वीजवाले चहा पिऊन गेले. डमी बॅग कुणी आणायची यावर तासभर हुज्जत. शेवटी मी परिपत्रकात लिहिलं, ‘बॅग संबंधित विभागाने आणावी.’ सगळे खूश. समन्वय म्हणतात तो हा.

बुधवार, ५ मार्च
आज कुणी भांडलं नाही, म्हणजे तयारी पूर्ण. क्रांती एमआयडीसीतल्याच एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे, तरी तिला काही सांगितलं नाही. बायको असली म्हणून काय झालं, गोपनीय ते गोपनीय.

गुरुवार, ६ मार्च. सकाळी
ड्रिलच्या जागेवर चार बॅगा! प्रत्येक खातं स्वतःला संबंधित समजलं. साहेबांना म्हणालो, अतिरेकी एकच बॅग ठेवतील असं थोडंच आहे? त्यांना पटलं.

थोड्या वेळाने
क्रांतीचा फोन. कारखान्याच्या मागच्या दाराशी बेवारस बॅग. बायकांना बाहेर काढू का, विचारत होती. तिला हळूच सांगितलं, ड्रिल आहे, बॅग आमचीच, काम चालू ठेव. घरात अधिकारी असल्याचा हा फायदा.

अकरा वाजता
सगळ्यांना विचारलं. मागच्या दाराशी कुणीच बॅग ठेवलेली नाही. क्रांती फोन उचलत नाही. बॉम्बशोधक पथक सोडायला वीरधवल लेखी आदेश मागतायत, आकाराम पोलिसांचं पत्र. याच डायरीची दोन पानं फाडली; एकावर मी आदेश लिहिला, दुसऱ्यावर वीरधवलांकडून पत्र लिहून घेतलं.

संध्याकाळी
बॅगेत वेल्डरचे बूट आणि जेवणाचा डबा निघाला. पाचव्या बॅगेची कल्पना अफलातून, असं साहेब चारचौघांत म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बायका आत खोकी भरत होत्या. फोन टेबलावर ठेवून क्रांती बॅगेशेजारी खुर्ची टाकून बसली होती. सरकारी वस्तू, कुणी हात लावायला नको म्हणून.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “आवं, तुमी म्हणालात म्हणून मी एकीलाबी बाहेर काढलं न्हाई.”

साहेबांचं कौतुक तिला सांगणार होतो. सांगितलं नाही.