गाडीचे प्रस्थान

सोनपेठ, २ मे १९८५
यांनी काल पाहुण्यांसमोर सांगितले की मी गाडीबद्दल सकाळी एक बोलते आणि संध्याकाळी दुसरे. हे वकील. तोंडी बोलण्याला यांच्या लेखी किंमत नाही. म्हणून आजपासून सगळे लेखी. कोणी वाचावे म्हणून नाही. पुरावा असावा म्हणून.

ठरले ते असे. कोर्टाला सुट्टी लागली की बारा तारखेला आम्ही दोघांनी माझ्या गाडीने हैदराबादला जायचे. परळी, उदगीर, बिदर, हैदराबाद. गाडी स्वतःच्या चाकांवर जाऊन आली तर ती घरी राहील. नाही तर जिनिंगवाले दिनकरराव केव्हापासून मागत आहेत, त्यांना देऊन टाकायची.

गाडी बाबांची. मी हैदराबादला कॉलेजात असताना त्यांनीच मला चालवायला शिकवले. सोनपेठेत गाडी चालवणारी बाई मी एकटी. अट मान्य केली. हरण्याचा प्रश्नच येत नाही.

३ मे
पहाटे गाडीची तपासणी. स्थिती उत्तम. फक्त सुरू होत नाही.

भुजंग मिस्त्रीला बोलावले. बॉनेट उघडून बराच वेळ नुसता आत बघत राहिला. काय झाले विचारले तर म्हणे, काय न्हाई बाई, लय दिवस उबी हाय, रुसलीय. यंत्र रुसत नसते, आणि आधी तोंडातली तंबाखू थुंकून ये, असे बजावले. थुंकून आला. मग म्हणे, व्हतंय. कधी? तर, व्हतंय की.

निश्चय: उद्यापासून रोज एक तास इंजिनाचा अभ्यास.

५ मे
अभ्यासाला सवड झाली नाही. खिडक्यांना वाळ्याचे पडदे शिवून घेतले. पाणी शिंपडले की गाडी बैठकीसारखी गार. हे म्हणाले, बाहेरचे काही दिसणार नाही. रस्ता समोर असतो, बाजूला नसतो, असे मी सांगितले. इतकी वर्षे शाळेत हेडमिस्ट्रेस होते, तिथे असली शंका कोणी काढली नाही.

संध्याकाळी भुजंगने गाडी सुरू केली. आधी खोकली, मग अंगणभर धूर. सासूबाई आतून विचारत होत्या, काय जळायलंय गं. गाडी बरी झाली, असे कळवले. नंतर बंद पडली, ते कळवले नाही.

७ मे
नवी अडचण. सासूबाईंनी परस्पर गुरुजींना विचारले. बारा तारखेला त्या दिशेला निघायला मुहूर्त नाही. उद्या सकाळी आहे. उद्या यांचे कोर्ट.

त्यावर सासूबाईंचा उपाय तयार. उद्या मुहूर्तावर तांदूळ-सुपारीची पुरचुंडी वेशीबाहेर कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालोच, असे धरतात. पुढे पाच दिवसांच्या आत कधीही जावे, जाता जाता पुरचुंडी उचलावी. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. एकदा ठेवलेले प्रस्थान माघारी घरात मात्र आणायचे नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण करायचेच तर पद्धतशीर करावे. पुरचुंडी कशाला, गाडीच प्रस्थान ठेवते. परळी रोडला वेशीबाहेर सावलीची जागा एकच, दिनकररावांची शेड. तिथेच ठेवणार. गाडी किती चांगली आहे आणि ती मिळणार नाही, हे त्यांना रोज दिसू दे.

हे ऐकून नुसते हसले. हसणे हा पुरावा नव्हे.

८ मे
मुहूर्तावर प्रस्थान ठेवले. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली. चौकापासून चौघे मागून ढकलत होते, पण चाके गाडीचीच. स्टिअरिंग मी धरले होते. लोक दुकानांतून उठून बघत होते. दिनकरराव फाटकात हात जोडून उभे. म्हणाले, या बाई, आणा आत, तिचंच घर हाय. आवाजात आदर होता.

९ मे
घरात चैन पडत नाही. उन्हात पुन्हा पुन्हा शेडपर्यंत जाऊन आले.

गाडी सावलीत नाही. शेडमध्ये कापसाच्या गाठी आल्या म्हणून बाहेर काढली. टपावर, बॉनेटवर पांढरे धोतर आणि धोतरावर कुरडया. दिनकररावांच्या पत्नी बायनाबाई शेजारी बाजेवर बसून कावळे हाकत होत्या. मी जाब विचारला. त्या म्हणाल्या, बसा बाई, लय ऊन हाय. तुमच्या गाडीवर एका दिसात खडखडीत वाळायल्यात बघा. बाजंवर तीन दिस लागत्यात. मालक म्हनले, घाल बिनघोर, आपलीच हाय. मी ‘आपलीच’ या शब्दावर हरकत घेतली. त्यांनी पाणी आणून दिले. एक कुरडई मोडून बघितली. मीठ कमी होते. तसे सांगितले.

१० मे
भुजंगने कार्बुरेटर काढून परळीला नेला. साफ करून आणतो म्हणे. आज सामान भरले, काढले, परत भरले. हैदराबादच्या मैत्रिणीला येत असल्याची तार केली.

११ मे
भुजंगचा पत्ता नाही. घरी गेले. त्याची आई तानुबाई म्हणाली, लगनाला गेलाय बाई, जेवला की येतंय. कोणाच्या लग्नाला, तर ते तिला ठाऊक नाही. म्हणजे जवळचेच असणार. सकाळी येईल.

यांना विचारले, तुमची बॅग कुठे आहे. म्हणाले, एस.टी.त मांडीवर राहील एवढीच घेतली आहे. यांना वेळ बघून विनोद करता येत नाही.

१२ मे, सकाळी
प्रस्थानाचा शेवटचा दिवस. भुजंग कार्बुरेटर घेऊन हजर. मी म्हटलेच होते.

सासूबाईंनी हातावर दही घातले. शेडपर्यंत मी पुढे, हे मागे. गाडी सुरू झाली. पडदे भिजवले. गाडी फाटकापर्यंत उत्तम गेली. फाटकात थांबली. भुजंग एकदा आत वाकला, एकदा खाली वाकला, मग म्हणाला, आता न्हाई व्हत बाई. हे वाक्य त्याच्या तोंडून प्रथमच ऐकले.

घरी नेऊन महिनाभर नीट काम करून घ्यावे म्हणून ढकलायला माणसे बोलावली. तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला. प्रस्थान माघारी आणायचं न्हाई, माझ्या डोळ्यांदेखत तर न्हाईच. यांनी विचारले, गाडी प्रस्थान ठेवावी ही कल्पना कोणाची होती? मी उत्तर दिले नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर नसते.

पुढे जात नाही. मागे नेता येत नाही. फाटक दिनकररावांचे.

१२ मे, दुपारी
अट ती अट, असे मीच आधी म्हटले. यांना म्हणू दिले नाही. दिनकरराव म्हणाले, फिकीर करू नका बाई, कवाबी वाटलं तर येऊन बसत जावा. चालवत जावा असे म्हणाले नाहीत. परळीची एस.टी. तीनला आहे.

हवाली केले: गाडी, दोन्ही किल्ल्या, कागदपत्रे. स्टिअरिंगवरचा हात काढ, असे मला दोनदा सांगावे लागले, असे हे म्हणतात. एकदाच सांगावे लागले.